वत्सलाताईंची चौदा नंबरची कॅसेट

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली तीन-चार वर्षं न चुकता ऐकतोय. ऐकतोय म्हणजे अक्षरशः ऐकतोय. मला दिसत नाही, त्यामुळे फोनमधली बाई मला सगळं वाचून दाखवते. ती "पांढऱ्या साडीतली बाई वळली" हे ज्या सुरात म्हणते, त्याच सुरात "बॅटरी वीस टक्के" म्हणते... तेव्हा तुमच्या भुतांना मी कधी घाबरलो नाही, उलट बऱ्याचदा हसलोय. राग मानू नका. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची आहे.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी संशयी आहे. बायको म्हणते, देवानं पोस्टात नाहीतर पोलिसात घालायचा माणूस चुकून टेलिफोन ऑपरेटर केला. पण जन्मापासून दिसत नसलं की माणूस संशयी होतोच. निम्म्या कोल्हापूरला माझ्यासमोर आवाज बदलून "वळख बघू, मी कोण?" म्हणायची खोड आहे. लग्नात, हॉस्पिटलात, अगदी मयतीलासुद्धा! त्यामुळे कुठलाही आवाज आला की माझा पहिला प्रश्न — हा खरा कोण, आणि याला काय पाहिजे?

मूळचा मी शाहूवाडीकडचा. कॉलेजला कोल्हापुरात आलो तेव्हा इतिहासाची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. वसतिगृहातला माझा खोलीमित्र जयसिंगपूरचा. त्याला चौथीला शिकवलेल्या एक बाई होत्या, वत्सलाताई. त्यानं त्यांच्या कानावर घातलं आणि त्या म्हणाल्या, कॅसेटी पाठव, मी वाचते. झालं. तो शनिवारी रिकाम्या कॅसेटी घेऊन गावी जायचा आणि सोमवारी भरलेल्या आणायचा. अशा एकतीस कॅसेटी भरल्या. प्रत्येकीवर मी ब्रेलमध्ये नंबर टोचून चिकटवला. त्या आवाजावर मी बी. ए. झालो, त्यावरच नोकरी लागली आणि नोकरी लागली म्हणून संगीतानं मला हो म्हटलं. म्हणजे आज माझ्या घरात जे काही आहे, ते त्या आवाजामुळे आहे.

आणि या बाईंना मी एकदाही भेटलो नाही. निकाल लागल्यावर मित्राच्या हाती पेढे पाठवले, तेवढंच. पुढं तो पुण्याला गेला आणि दुवा तुटला. जाऊ, भेटू, पाया पडू, असं सत्तावीस वर्षं नुसतं म्हणत राहिलो. जयसिंगपूर म्हणजे काही विलायत नाही! एसटीनं तास-दीड तास. याची मला लाज वाटते, ती इथं लिहून टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर राहतो. मागच्या हिवाळ्यातला रविवार, दुपारची वेळ. संगीता पेठ वडगावला माहेरी गेली होती. मधल्या खोलीत आई झोपली होती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कानानं कमी. मी बाहेरच्या खोलीत चौदा नंबरची कॅसेट लावून आडवा झालो होतो. रविवारी जेवणानंतर वत्सलाताईंची एक कॅसेट ऐकायची, ही माझी जुनी सवय. सगळ्या मला तोंडपाठ आहेत. कुठं त्या खोकतात, कुठं बाहेर सायकलची घंटी वाजते, सगळं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. करोनात माझं नाक गेलं, ते परत आलंच नाही. कांदा आणि अत्तर मला सारखंच. डोळस माणसाला यात विशेष वाटणार नाही, पण माझं निम्मं घर त्या नाकावर चालत होतं.

चहाची तलफ आली म्हणून उठलो. कॅसेट चालूच ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात आलो, खिळ्याला अडकवलेला लायटर हातात घेतला. मागं ताई फ्रेंच राज्यक्रांती वाचत होत्या. पॅरिसमध्ये पावासाठी रांगा लागल्या होत्या... बायका संतापल्या होत्या... आणि तिथं, वाक्याच्या मध्येच, त्याच आवाजात —

"थांब. आधी गॅस बघ. खिडकी उघड."

आणि लगेच पुढं, "व्हर्सायच्या दिशेने चालू लागल्या."

मी जागच्या जागी थांबलो. पहिल्यांदा वाटलं, संगीता लवकर आली. "आलीस काय गं?" म्हणून हाक मारली, उत्तर नाही. मग राग आला... कोण घरात शिरून थट्टा करतंय? तरी लायटर खिळ्याला परत लावला आणि चाचपडत ओट्याशी गेलो. बर्नर नुसता कोमट. बटण पूर्ण चालू. ओट्यावर सगळीकडे ओलं, चिकट दूध. आईनं दूध तापत ठेवलं होतं आणि विसरून जाऊन झोपली होती. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटला होता. किती वेळ, देव जाणे.

बटण बंद केलं, रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली. तेवढ्यात जिन्यावरून वरच्या काकूंची आरोळी आली, "दत्ताभाऊ, गॅस सुटलाय व्हय ओ? जिन्यापतूर वास आलाय की! दिवा-बिवा लावू नगा!"

आईला हाताला धरून बाहेर जिन्यात नेऊन बसवलं. ती आपली अर्धवट झोपेत. "दूध नासलं का रं?" एवढंच विचारत होती. एक ठिणगी... आई, मी आणि वर काकू. सगळंच गेलं असतं.

संध्याकाळी संगीता आली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या नाकाला आतल्या आत कळलं आसंल. मग कानानं बाईंच्या आवाजात सांगितलं. मन आसलंच आसतंय." मला पटलं. खरं तर फार बरं वाटलं. खात्री म्हणून कॅसेट मागं फिरवली आणि दोघांनी मिळून ऐकली.

पावासाठी रांगा... बायका संतापल्या... "थांब. आधी गॅस बघ. खिडकी उघड."

संगीतानं उठून दाराची कडी लावली.

माझा संशय सरळ जाधववर गेला. जाधव माझ्या ऑफिसातला, नकला करण्यात पटाईत, साहेबांच्या आवाजात साहेबांच्याच शिपायाला चहा सांगणारा गडी. शिवाय पाच वर्षांपूर्वी यानंच माझ्या एकतीसही कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून फोनमध्ये घालून दिल्या होत्या. म्हणजे कॅसेटी महिनाभर याच्या ताब्यात होत्या! सोमवारी कॅसेट-प्लेअर घेऊनच त्याला गाठलं आणि चांगला फैलावर घेतला.

"आरं, तुझं डोकं फिरलंय काय?" तो भडकलाच. "पाच वर्षांमागं मला सपान पडलं व्हतं व्हय, तुझी आई कवा दूध इसरणार त्ये? कॅसेट लावली आन् सोडून दिली सरळ. कट न्हाय, काय न्हाय."

मग तोच म्हणाला, "फोनातली काप्पी ऐकलीस काय?"

ती ऐकायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत एका हाताला प्लेअर आणि दुसऱ्या हाताला फोन ठेवून दोन्ही एकदम सुरू केले. दोन्ही ताई बरोबरीनं वाचत राहिल्या. "बायका संतापल्या होत्या" इथपर्यंत जोडीनं. मग फोनमधल्या ताई सरळ व्हर्सायला निघाल्या, आणि कॅसेटमधल्या ताई थांबून तीन वाक्यं बोलल्या. तिथून पुढं शेवटपर्यंत कॅसेट तेवढीच मागं! जाधवनं तीन-तीनदा लावून बघितलं. शेवटी म्हणाला, "पट्टी काय रबर हाय व्हय ताणायला?" आणि डबा तसाच ठेवून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी आवाज बदलून बोललेला नाही.

तरी मी हार मानली नाही. जुन्या मित्राचा नंबर मिळवला, त्याच्याकडून ताईंचा पत्ता-फोन घेतला, येतोय म्हणून त्यांच्या सुनेला कळवलं आणि पुढच्या शनिवारी प्लेअर-कॅसेट पिशवीत घालून संगीताबरोबर जयसिंगपूरची एसटी धरली. संगीता मला दारापर्यंत सोडून तिथल्या बाजारात मावसबहिणीकडे गेली. मीच तिला जा म्हणालो. चौकशी मला एकट्याला करायची होती.

दार सुनेनं उघडलं. "जय भीम दादा, या की. दत्तादादाच न्हवं? आई कवाधरनं वाट बघाय लागल्यात." आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मी नमस्कार केला आणि त्या आवाजाची वाट बघत बसलो. आवाज आला नाही. सूनच हळू आवाजात म्हणाली, "दादा, फोनवर सांगू वाटलं न्हाय. आईंचं घशाचं आपरेशन झालं, चार वर्सं झाली. आवाज गेला त्यांचा. वहीत लिवून बोलत्यात, म्या वाचून दावते."

खरं सांगतो, हे ऐकलं आणि दुसऱ्याच क्षणी डोक्यात संशय आला. आवाज सोडून मला या बाईंची दुसरी काही ओळखच नव्हती. मग समोर बसलेली बाई वत्सलाताईच आहे, हे मी कशावरून मानू? त्या लिहिणार, ते वाचणार सून. मला दिसणार काय? मी पिशवीतून प्लेअर काढला आणि चौदा नंबर लावली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पान उलटायच्या आधी ताई बोटानं टेबलावर दोनदा वाजवायच्या. का ते माहीत नाही. शिक्षकी सवय असेल. कॅसेट सुरू झाली. पहिलं पान संपत आलं... आणि कॅसेटमध्ये टकटक व्हायच्या जरासं आधी, समोरच्या खुर्चीच्या हातावर टकटक झालं. पुढच्या पानाला पुन्हा तसंच, आणि तिसऱ्याला पण. मी खाली वाकून त्यांचे पाय शोधले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कॅसेट चालू होती तोवर काढला नाही.

मग ती जागा आली. "थांब. आधी गॅस बघ. खिडकी उघड." डोक्यावरचा हात एकदम ताठ झाला. त्यांनी दुसऱ्या हातानं माझा हात बटणावर नेऊन कॅसेट मागं घ्यायला लावली, पुन्हा ऐकली. मी घडलेलं सगळं सांगितलं. दूध, लायटर, आई, जाधव, फोनमधली कॉपी. पेनचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग सून वाचायला लागली —

"आवाज माझाच आहे. पण हे मी बोललेले नाही. तेव्हा आमच्याकडे गॅस नव्हता, स्टोव्ह होता. वाचताना मधे कुणाशी बोलायचे झाले तर मी बटण बंद करत असे, दुसऱ्याची कॅसेट वाया घालवत नसे. असे कसे झाले, मला सांगता येत नाही."

सून इथं थांबली. मी विचारलं, "एवढंच?" तर म्हणाली, "व्हय, एवढंच. चा ठेवते." पण तिचा आवाज मला सरळ वाटला नाही. मी जाताना ते पान मागून घेतलं. आठवण म्हणून, असं म्हणालो. खरं कारण संशय. फोनच्या कॅमेऱ्यानं वाचून बघितलं, पण ताईंचं अक्षर त्या यांत्रिक बाईला काही लागलं नाही.

परतीच्या एसटीत संगीताला ते पान दिलं. तिनं वाचलं. सुनेनं वाचलेलं शब्दन् शब्द बरोबर होतं. पण त्याच्या खाली आणखी मजकूर होता.

"दत्ता, आवाज गेल्यापासून रोज दुपारी मी एक धडा मनातल्या मनात वाचते. सवय जात नाही. आपल्याला कुणी ऐकत नाही हे माहीत असते. म्हणून समोर तू बसला आहेस असे धरून वाचते."

हातकणंगले येईपर्यंत मी संगीताला ते तीनदा वाचायला लावलं.

घरी आल्यावर मी सुनेला फोन लावला. म्हटलं, वहिनी, खालचं का नाही वाचलंत? ती रडत होती. "वाचवंना ओ दादा. आमी समजत व्हतो, त्या दुपारच्या नुसत्याच खिडकीत बसत्यात. चार वर्सं एका घरात ऱ्हाऊन आमाला कळलं न्हाय."

स्पष्टीकरण मला अजून मिळालेलं नाही. बॅटरी उतरली, पट्टीवर जुनं काही उमटलं, मला भास झाला... तुम्ही जे जे म्हणाल ते सगळं माझं स्वतःला सांगून झालंय. जाधववरचा संशयसुद्धा पूर्ण गेलेला नाही, त्याला सांगू नका. चौदा नंबर माझ्याकडे आहे. कुणाला ऐकायची असेल तर घरी या. मी उसनी देणार नाही.

त्या शनिवारी मी ताईंना सगळं विचारलं, पण आभार मानायचे राहूनच गेले होते. चौकशीच करत बसलो. म्हणून त्याच फोनवर सुनेला म्हटलं, फोन जरा त्यांच्या कानाला धरा. आणि म्हणालो, "ताई, दत्ता बोलतोय. माझी आई आत जेवायला बसलीय. संगीता वाढतेय. हे सगळं तुमच्यामुळं आहे, आणि ते सांगायला मी सत्तावीस वर्षं लावली."

पलीकडून काही येणार नव्हतंच. तरी मी फोन ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की समोरून एक शब्द न येता, पलीकडं कोण आहे याचा मला संशय आला नाही.