तळवाल्या बाई

तळवाल्या बाई चिडल्या की चपला घालायलाही थांबत नसत. हातात गाठीच्या तुकड्यांची बरणी घेऊन लॅबमधून तशाच अनवाणी थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी. "याचा तळ कुठंय?" हे त्यांनी इतक्या वेळा विचारलं, की नाशकातल्या आमच्या हॉस्पिटलचे वॉर्डबॉय त्यांना तळवाल्या बाईच म्हणू लागले. नव्वदच्या दशकात त्यांच्या हाताखाली मी पॅथॉलॉजी शिकले, आणि चिडायलाही.

मूत्राशयातली कॅन्सरची छोटी गाठ दुर्बिणीतून काढायच्या आमच्याकडच्या दोन सर्जनांच्या दोन तऱ्हा होत्या. मोठे सर विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने ती वरून तासत आणायचे. बरणीत नुसते जळके तुकडे. धाकटे सर गाठीभोवती गोल छेद घेऊन, खालच्या स्नायूच्या पातळ थरासकट ती अख्खी उचलायचे. त्याला वेळ लागायचा, म्हणून मोठे सर हसायचे. बाई मात्र ती अख्खी गाठ थर्माकोलवर टाचण्यांनी टोचून उभी कापायच्या आणि मायक्रोस्कोपखाली मला दाखवायच्या. "बघ, गाठ इथं संपली, स्नायू इथं सुरू झाला. आता हा माणूस निवांत झोपू शकेल."

हट्टी नव्हत्या हो. "गाठ लिंबाएवढी असली तर करा बापडे तुकडे. पण शेवटी तळाचा एक तुकडा वेगळ्या बरणीत घाला. काय सोनं मागतेय का मी?" मोठ्या सरांनी तेवढंही कधी दिलं नाही.

निफाडचे दशरथभाऊ द्राक्षांचा टेम्पो चालवायचे. लघवीतून रक्त जातं म्हणून आले. गाठ वाटाण्याएवढी. मोठ्या सरांनी तासली. बाईंनी रिपोर्टात लिहिलं, गाठ वरवरची दिसते, पण तुकड्यांत खालचा स्नायू आलेला नाही, त्यामुळे ती किती खोल गेली ते कळत नाही, पुन्हा आत बघावं. तेवढ्यावर न थांबता बरणी घेऊन वर गेल्या. "बाई, तुम्ही काचा बघा, पेशंट आम्ही बघतो," असं म्हणून सरांनी भाऊंना घरी पाठवलं. जाताना भाऊ लॅबच्या खिडकीशी द्राक्षं ठेवायला आले.

"भाऊ, पुन्हा एकदा तपासून घ्या," बाई म्हणाल्या.

"आवो, सायेब तर म्हनले समदं साफ हाय. लय बरं वाटतंय आता."

मोठ्या डॉक्टरपुढे लॅबवाल्या बाईचं कोण ऐकणार?

पुढच्या हंगामात भाऊ परत आले तेव्हा गाठ स्नायूत उतरली होती. मूत्राशय काढलं, तरी ते वाचले नाहीत. 'नशीब एकेकाचं,' मोठे सर म्हणाले. डोंबलाचं नशीब! पुन्हा आत बघायला अर्धा तास लागला असता. माझं डोकं आजही फिरतं.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मोठ्या सरांनीच त्यांच्या खांद्यावर शाल घातली. "बाईंचा राग म्हणजे प्रेमच," असं भाषणही ठोकलं. लोक हसले. मग बाई माईकपुढे आल्या.

"सर, दशरथभाऊंच्या घरी कधी जाऊन आलात का?"

सरांनी खरोखरच आठवून पाहिलं. "कोण दशरथ?"

बाईंनी शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि चालू लागल्या. चपला स्टेजच्या पायरीशीच राहिल्या. मी त्या उचलून रिक्षापर्यंत धावले. बाई रडत होत्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

बाई आता नाहीत. लॅब मी बघते. जळक्या तुकड्यांची बरणी आली की मी थिएटरला फोन लावते. तळाचं नंतर विचारते. आधी म्हणते, "डॉक्टर, पेशंटचं नाव सांगा." नाव बरणीवर लिहिलेलं असतंच. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.