येऊन राहिला होता

गोपिकाताई सव्वीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. लोक बोलत, त्या उतरवून घेत. निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी एका अभ्यासासाठी हे काम धरलं. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांना पोलीस प्रश्न कसे विचारतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि तक्त्यात गुण भरायचे. प्रश्न मोकळा होता की उत्तर सुचवणारा? मध्येच तोडलं का? रेकॉर्डिंगमधली नावं पुसलेली असत, बोली नाही. दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज यायचा तो एवढाच.

त्या दुपारची बाई उमरेडकडची होती. भरदिवसा एकजण घरात घुसला होता, तिला मारून गळ्यातली पोत तोडून पळाला होता. अधिकारी साताऱ्याकडचा वाटला, नवा, सौम्य. "आठवेल तसं सांगा," म्हणाला आणि गप्प बसला.

"मी तांदूळ निवडून राहिली होती. दारातून पाह्यलं, तं तो घरी येऊन राहिला होता."

"तो घरी येऊन राहिला होता." तिचेच शब्द त्याने परत म्हटले. तक्त्यात याला दोन गुण होते. "किती दिवस?"

"दिवसाच जी. दुपारी."

"म्हणजे तुमच्याकडेच राहायला होता. मग हे आधी का नाही सांगितलंत?"

त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला बाई नुसतं 'हो' म्हणत गेली. सोबतच्या जबाबात लिहिलं होतं: आरोपी ओळखीचा, घरातच वास्तव्य. घरगुती वाद.

गोपिकाताईंनी ते अकरा वेळा ऐकलं. तो येत होता, एवढंच ती म्हणाली होती. गुण पडत होते वीसपैकी सतरा. अशा चुकीसाठी तक्त्यात रकाना नव्हता. आणि प्रकरणाबद्दल बोललात तर काम जाईल, या अटीवर त्यांची सही होती.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला मुग्धा मॅडमना फोन केला. अभ्यास त्यांचा होता.

"ताई, आपण केस बघत नाही. तंत्र बघतो."

"तंत्रच पाहून राहिली मी."

"पाहायचं राहिलं? मग उद्या पाठवा, घाई नाही."

"राहिलं नाही वं बाई!" गोपिकाताईंचा आवाज चढला. "पाहून राहिली म्हणजे पाहते आहे. तुम्ही इतक्या शिकलेल्या, तुम्ही चुकल्या. मंग त्या साहेबाले काय बोलू? पण त्यानं ते लिहून टाकलं ना."

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

"ती नेमकं काय म्हणाली," मुग्धा हळूच म्हणाली, "ते परत सांगा."

चार दिवसांनी मुग्धाचा फोन आला. जबाब पुन्हा घेणार होते; इकडचीच, करिष्मा नावाची हवालदार विचारणार होती.

"मी बसू तिच्यापाशी?"

"तुम्ही रेकॉर्डिंग ऐकलंय, ताई. चालणार नाही. आणि आता तुमच्याकडे फायली येणार नाहीत. मी वरच्यांशी भांडले, खरंच."

"असू द्या." गोपिकाताईंनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "तिले म्हणा, सावकाश सांग. तुह्यी काही चूक नाही झाली म्हणा."

"कुणाचा निरोप म्हणून सांगू?"

गोपिकाताईंनी हेडफोन खोक्यात ठेवून झाकण लावलं.

"कोणाचा नाही जी," त्या म्हणाल्या. "नुसता सांगा."