बाबीकाकांचा अकरा मात्रांचा ठेका

कोणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. संगीतातलं मला फारसं कळत नाही आणि लिहिण्याचा सराव परीक्षेतल्या निबंधापुरता. पण बाबीकाकांबद्दल आमच्या लालबागच्या चाळीतलं दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतो.

बाबीकाका रेकॉर्ड ऐकताना स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकून बसत. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवून चालवून त्यांचे कान मंदावले होते. "कानाक फसवता येता, हाताक नाय," असं ते म्हणत. आमच्या भजन मंडळात ते पखवाज वाजवत, आणि आपल्यासारखा हात करी रोडपर्यंत कोणाचा नाही, असं स्वतःच सांगत.

गिरण्यांचा संप लागला आणि चाळीतल्या दुपारी पुरुषांनी भरून गेल्या. माझ्या कॉलेजातला रॉनी गिरगावचा, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. त्याचा मोठा भाऊ जहाजावर होता आणि दर फेरीला रेकॉर्डी आणायचा. जॅझ आणि रॉक एकत्र करून सत्तरच्या सुमाराला अमेरिकेत हे नवं संगीत निघालं, त्याला फ्यूजन म्हणतात, असं रॉनीनं मला सांगितलं. मला त्यातलं काही उमगेना. आमच्या मजल्यावर प्लेअर एकट्या बाबीकाकांकडे, म्हणून रेकॉर्डी त्यांच्याकडे नेल्या.

पहिली रेकॉर्ड संपेपर्यंत त्यांनी तळहात खोक्यावरून उचलला नाही. मग म्हणाले, "मेल्या, हो ढोलवालो माणूस आसा. परत लाव." त्यानंतर आम्ही एकेक अल्बम असाच ऐकला. एकात ट्रम्पेट दाबल्या आवाजात कुरकुरायचा, त्याला ते "आमच्या मुकादमाचो आवाज" म्हणत. ऐंशीनंतरच्या एका अल्बममध्ये ठोके यंत्राचे होते. खोक्यावरचा हात त्यांनी लगेच काढला. "ह्यो साचो चलता. साचे मी खूप ऐकलंय."

एका अल्बमनं मात्र त्यांना झोपू दिलं नाही. त्यातला ठेका अकरा मात्रांचा होता. दोन दिवस मांडीवर बोटं आपटून त्यांनी तो पकडला आणि मला शिकवला तो असा: ला-ल-बा-ग, क-री-रो-ड, प-र-ळ. चार, चार, तीन. "परळाक पोचलंस की थांबूचा नाय, परत लालबागेत येवचा."

रॉनी एकदा चाळीत आला, त्यानं ऐकलं आणि हसत सुटला. "अंकल, तुमचा प्लेअर स्लो आहे. ओरिजिनल किती फास्ट आहे, माहितीये?" प्लेअरचा पट्टा तुटला होता आणि काकांनी गिरणीतल्या सूत कातायच्या चात्या फिरवणाऱ्या सुती पट्टीचा तुकडा बसवला होता. तो घसरायचा. मला वाटलं, काका ओशाळतील. ते म्हणाले, "आमचाच बरोबर. तेंका घाई झालली."

तोवर संप लांबला होता. मंडळातली माणसं एकेक करून गावी निघाली. काकी रोज म्हणायच्या, "आपणही जाऊया. मंडळात माणसा उरली खंय?" काकांचं उत्तर ठरलेलं: "बारी झाल्याशिवाय मी जावचंय नाय." बारी म्हणजे डबलबारी, दोन भजन मंडळांचा सामना. आमची वरळीच्या मंडळाशी ठरली होती. काकांना तिथे तो अकराचा ठेका वाजवायचा होता. आमचे गाणारे बुवा ऐकेनात. "भजनात इंग्लिश नको रे बाबी, लोक हसतील." काका म्हणाले, "हसांदेत. संपावरच्या माणसांका हसाक तरी मिळात."

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. त्या दिवसांत पोळ्यांनाच पीठ पुरत नव्हतं, म्हणून काका कित्येक महिने कोरडाच पखवाज वाजवत होते. बारीच्या संध्याकाळी काकींनी मळलेला गोळा त्यांच्यासमोर ठेवला. काका तो थापत बसले.

शेवटच्या गजराला त्यांनी ठेका धरला. आमच्या बुवांची पहिली ओळ चुकली, दुसरी बसली. झांजवाल्यांना मी समोर बसून ओठांनी दाखवत होतो, लालबाग, करी रोड, परळ. पटांगणात कोणी हसलं नाही. वरळीच्या पखवाजवाल्यानं थोडा वेळ बोटं चालवून पाहिली, मग पखवाज बाजूला सारला आणि आमच्यासोबत टाळ्या देऊ लागला. सामना कोणी जिंकला हे मग कोणी विचारलंच नाही.

त्याच आठवड्यात काका-काकी गावी गेले. प्लेअर त्यांनी सोबत नेला, तो अल्बम रॉनीनं त्यांना देऊन टाकला. गिरणी पुढे उघडली, पण काकांना बोलावणं आलं नाही.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी त्यांच्या वाडीतले एक गृहस्थ चाळीत आले आणि बाबीकाका श्रावणातच वारल्याचं त्यांच्याकडून कळलं. गावात त्यांनी पोरांचं भजन मंडळ उभं केलं होतं, हेही तेव्हाच समजलं. पोरांनी त्यांना भजन करतच नेलं.

"पण ठेको काय तरी वेगळोच," ते गृहस्थ म्हणाले. "एकदम संथ. आणि पोरा तोंडान पुटपुटत होती, लालबाग, करी रोड, परळ. एकानव मुंबई बघूक नाय. कसलो ठेको रे तो?"

"आमच्या चाळीतला," मी म्हणालो.