पपईचा ठेचा

शाळेच्या गॅदरिंगला मी हेडसरांची नक्कल केली आणि पहिलं बक्षीस हेडसरांच्याच हातून घेतलं. तेव्हापासून माझा समज असा, की नक्कल केली म्हणून माणूस चिडत नाही, फक्त हात मिळवताना जरा जास्त वेळ दाबून धरतो. ही बार्शीची खोड घेऊनच मी थेट परदेशात, पामर्स्टन नॉर्थला आले. आले फूड टेक्नॉलॉजी शिकायला, आणि आठवड्यातले तीन दिवस एका थाई रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भाज्या चिरते, भांडी घासते.

नकलांना तिथे माल भरपूर. गम्बूट घालून येणारे एक काका होते. दर गुरुवारी ग्रीन करी. "मीडियम, प्लीज. पण मीडियममधलं माइल्ड." मग पहिल्याच घासाला कान लाल, आणि "स्वीट अ‍ॅज, स्वीट अ‍ॅज" म्हणजे आपलं 'झकास, झकास' करत पाण्याचा अख्खा जग रिकामा. मी आत येऊन हे सगळं करून दाखवायचे. वॉकच्या मोठ्या कढईवरचा थाई दादा इतका हसायचा की एकदा त्याची पॅड थाई करपली.

आमची मालकीण पन्नाशीची, थायलंडच्या ईशान्येकडची. थाई लोक मोठ्या बहिणीला 'पी' म्हणतात, तर किचनमध्ये तीच सगळ्यांची पी. एकदा मी डावा हात कमरेवर ठेवला, रिकामा चमचा चाटला, छतावर उत्तर लिहिलंय अशा थाटात वर बघत राहिले आणि म्हणाले, "नॉट यट, ना." दादा हसता हसता एकदम वॉकमध्ये डोकं घालून बसला. तेवढ्यावरून कळलं मागे कोण उभंय ते.

"इतका वेळ नाही मी वर बघत," पी म्हणाली आणि भाताच्या कुकरकडे निघून गेली. हात वगैरे दाबला नाही.

नंतर तिचं उजवं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरने पट्टा बांधला आणि सांगितलं, काही महिने कुटणं बंद. आता कुटायचं म्हणजे काय, तर सोम ताम. कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, टोमॅटो, शेंगदाणे, ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, हे सगळं मातीच्या उंच खलात लाकडी बत्त्याने कुटतात. गिऱ्हाइकं पॅड थाई, ग्रीन करी आणि टॉम यमच्या पुढे फारशी जात नाहीत. सोम ताम खायची पी स्वतः. दुपारची गर्दी ओसरली, तीन वाजले, की ती खल काढायची, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून गावाकडच्या आईला लावायची आणि बोलत बोलत कुटायची. मग चिकट भाताचे गोळे बुडवून आम्ही सगळे खायचो.

एका गुरुवारी काउंटरवर नव्या मेनूचा कागद दिसला. सोमवारी तो छापायला जाणार होता. चौदा नंबरवर, सोम तामवर, लाल पेनाची आडवी रेघ.

"कोण कुटणार?" पी म्हणाली. "दादाला वॉकवरून मान वर करायला वेळ नाही. जाऊ दे. चार लोक खातात."

असं म्हणून तिने तो कागद उलटा घातला. तिला तो बघवत नव्हता, एवढं माझ्यासारखीलाही कळलं.

"मी करते," मी म्हणाले.

"तू?"

"आमच्याकडे जन्मल्यापासून कुटतात."

ती कितीतरी वेळ छताकडे बघत होती. "शनिवारी तीन वाजता," ती म्हणाली. "जमलं तर ठेवते."

शनिवारी सकाळी मी आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मिरची, लसूण, शेंगदाणे. अगं म्हणजे ठेचाच की. त्याला काय शिकायचं? दणकून कुट. मिरची डोळ्याला दिसता कामा नये."

"आणि पपई?"

"पपईचे काय लाड करायचेत का?"

तर तीन वाजता मी ओढणी कमरेला खोचल्यासारखा अ‍ॅप्रन खोचला आणि आमच्या घरच्या लोखंडी खलबत्त्यात कुटावं तसं कुटायला घेतलं. मिरची-लसणाची चटणी झाली. पपई घातली, तिचाही लगदा होत आला. पी मध्येच काहीतरी म्हणाली, पण मी आवाजातच एवढी रंगले होते की ऐकलं नाही. चौथ्या दणक्याला खलाला तडा गेला. सातव्याला बूड सुटलं. फिश सॉस टेबलावरून माझ्या बुटात उतरला.

दादाने गॅस बंद केला.

पीने दोन बोटांनी लगदा उचलला. "हे काय आहे?"

"सोम ताम."

"दात नसलेल्या माणसासाठी छान आहे."

मग ती मागच्या दाराने बाहेर गेली. दादा हळूच म्हणाला, "तो खल तिने विमानात मांडीवर ठेवून आणला होता." मला वाटलं, हे त्याने आत्ताच सांगायला हवं होतं का? मी तुकडे गोळा करत होते आणि मनात चौदा नंबरवर आणखी एक रेघ मारत होते.

पी परत आली ती हातात दुसरा खल घेऊन. कड उडालेला, आत माती, आणि मातीत कांद्याची पात डोलत होती. इतके दिवस दाराशी कुंडी म्हणून उभा होता तो. तिने डाव्या हाताने पात मुळासकट उपटली आणि खल माझ्यापुढे ठेवला.

"धू."

मी तीनदा धुतला.

"आता तुमच्याकडचं सगळं विसर. माझी नक्कल कर."

"कसली नक्कल?"

"रोज करतेस ती. माझी पाठ वळली की. आज माझ्या तोंडासमोर कर."

पाठीमागे नक्कल करणं सोपं असतं. समोर माणूस पट्टा बांधून बसलाय आणि त्याचंच सोंग करायचं म्हणजे घाम फुटतो. पहिले चार घाव वेडेवाकडे पडले. मग मी डोळेच मिटले आणि तिचा आवाज आठवला. तीन वाजताचा. पोक, पोक, मध्ये छोटी उसंत, पोक. तो आधी तोंडाने काढून बघितला. दादा फिसकन हसला, आणि मला जरा बरं वाटलं. मग वजन एका पायावर टाकलं, डाव्या हातात चमचा घेतला. बत्ता मधोमध नाही, कडेने. चमच्याने खालून वर आणायचं, पुन्हा कडेने. म्हणजे पपईला चेचायचं नसतंच. रस आत शिरण्यापुरतं जरा दुखवायचं, आणि कुरकुरीत राहू द्यायची.

तेवढ्यात पीचा फोन वाजला. तिची आई. पीने नेहमीसारखा फोन डब्याला टेकवला, तो आडवा झाला आणि पलीकडे आमचं छत तेवढं दिसत राहिलं. मी थांबले तर तिने बोटाने खूण केली, चालू दे.

मी कुटत राहिले. त्या दोघी थाईत बोलत होत्या. मध्येच फोनमधली म्हातारी काहीतरी म्हणाली आणि पीने माझ्या हातातल्या बत्त्याकडे पाहिलं. दादा माझ्याकडे बघत होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारतेय," पी म्हणाली, "हाताचा पट्टा कधी सोडला."

मी बत्ता धरून तशीच उभी. हेडसरांच्या हातचं ते बक्षीस एकदम फुटकळ वाटायला लागलं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, नवा हात मिळाला. बार्शीचा." एवढं बोलून तिने एक घास खाल्ला. कुरकुर आवाज आला. मग तिने मेनूचा कागद सरळ केला आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, रेघेच्या वर पुन्हा 'सोम ताम' लिहिलं.

"लिंबू कमी आहे," ती म्हणाली.

मी लिंबू पिळलं, नवा चमचा घेऊन चाखलं आणि वर छताकडे बघितलं. बघितलं तर तीही तिकडेच बघत होती.