दगडाबाईचा रंग

दगडाबाईचं नाव तिच्या आईनं ठेवलं, आधीची दोन लेकरं गेली म्हणून. दगडाकडं यम बघत नाय म्हणं. पोरगी जगली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

करमाडजवळच्या नर्सरीत आम्ही दोघं कामाला. मी पुंडलिक, टेम्पो चालवतो. दुष्काळाची सालं होती, तरी चहूकडं प्लॉटिंग जोरात. नव्या बंगलेवाल्यांना फाटकावर बोगनवेलच पाहिजे, कारण ती कमी पाण्यावर तगते. अशात एका जुन्या झाडाच्या एकाच फांदीला निराळा रंग आला, निम्मा केशरी, निम्मा पांढरा. पहिल्यांदा दिसला तो दगडाबाईला. मालक काकासाहेब म्हणाले, "याची कलमं जगव, रंगाला तुझंच नाव देतो." नव्या रंगाला नाव द्यायची रीतच आहे आमच्या धंद्यात.

बाई येडीच झाली! साठीतलं माणूस, पण टँकर आला नाय की घरचं भांडी धुतलेलं पाणी कळशीनं आणून घालायची. "माझ्या नावाला एकदा तरी फूल लागू दे की रं," म्हणून हसायची. कलमं जगली, रंगबी टिकला.

शहरात फुलांचं प्रदर्शन लागलं. टेम्पोतून कुंड्या उतरवल्या अन् पाटी बघतो तर काय, 'सई'. मालकाची नात! बाईला वाचता येत नाय, मीच सांगितलं. ती तशीच मालकाम्होरं जाऊन उभी राहिली.

"अगं, दगडाबाई नावाचं फूल कोण घेईल?" म्हणाले, अन् वर दात काढले. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. बाईच्या डोळ्याचं पाणी खळंना.

उद्घाटनाला अनंतराव, रिटायर प्राध्यापक. ते भाषणात सांगू लागले, बोगनवेल हा शब्द बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून आला. त्याच्या जहाजावरच्या लोकांना ती ब्राझीलच्या किनाऱ्यावर सापडली, अन् झाडांच्या जाणकारानं नाव दिलं ते कप्तानाचं. "गंमत म्हणजे, त्या जाणकाराच्या हाताखाली एक बाई होती, पुरुषाच्या वेशात आलेली. वेल तिनंच शोधली, असंही काहीजण म्हणतात."

टाळ्या पडल्या. दगडाबाई पदरानं तोंड पुसत पुढं झाली.

"साहेब, त्या बाईचं नाव काय व्हतं?"

अनंतरावांनी कपाळ चोळलं. "नेमकं आत्ता आठवत नाही बघा."

"ऱ्हाऊ द्या," दगडाबाई म्हणाली. "कुणाला लागतंय ते."