अंगठ्याखालची ओळ

कामठ्यातले एक धानाचे व्यापारी काका चहाच्या टपरीवर भेटले की मोबाईल पुढे करतात. शेअरच्या ॲपमध्ये, शेअर तारण ठेवून सौद्यांसाठी मिळालेल्या मार्जिनचा आकडा दाखवतात. त्याखालची ओळ मात्र कायम त्यांच्या अंगठ्याखाली असते.

"धान गोदामात तारण ठेवलं का पैसे भेटतेत. हेही तसंच," असं दर वेळी ठासून सांगतात.

काल म्हणाले, "पोरीच्या लग्नाले हॉल ठरवला. उद्या याच्यातूनच पैसे काढतो."

मी आकड्याकडे बोट दाखवलं. "काका, मार्जिनवर नुसते सौदे होतात. काढता किती येतात, ते खालच्या ओळीत पाहा ना."

"कायले पाहू?" ते खेकसले.

पण अंगठा त्यांनी उचलला नाही. नख पांढरं पडेस्तोवर तिथंच दाबून धरला.