तिसरा पोल

काका ‘पोरी’ म्हणून हाक मारायचे ती मला. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंपाच्या मोटारी वाइंड करणारी मी एकटीच बाई, त्यामुळे हाक कोणाला हा प्रश्नच नव्हता. मग पुणतांब्याची डिप्लोमा झालेली मुलगी कामाला लागली आणि काकांनी ‘पोरी’ म्हटलं की दोन माना वर व्हायला लागल्या. सुरुवातीला त्यांची नजर माझ्यावर यायची. पुढे पुढे ती तिच्याकडेच जायला लागली.

कोणाला हे क्षुल्लक वाटेल. पण मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या कामामागे इथं आले तेव्हा माझं बोलणं ऐकून सगळे हसायचे. काका आमचे मिस्त्री. त्यांनी मला तांब्याची तार हातात दिली, खाचेत कागद कसा सारायचा, तारेला ओरखडा न पडू देता कॉइल कशी दाबून बसवायची, सगळं शिकवलं. काकू त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जादा बांधायच्या. त्या घराचे उपकार मी विसरणार नाही. आणि उपकार एवढे मोठे होते म्हणूनच बहुधा त्यात वाटेकरी आलेला मला सोसवला नाही.

त्यातून टेबलाचा विषय निघाला. काकांची नजर अधू झाली होती, दिवाळीनंतर ते घरी बसणार होते. त्यांचं टेस्टिंगचं टेबल कोणाला द्यायचं ते त्यांनीच ठरवावं, असं मालक म्हणाले. टेबलावर बसणाऱ्याची नोकरी पक्की. बाकी आम्ही सगळे ऑर्डर असेल तोवर. आईचा फोन आला की ती विचारायची, “काम चालू आहे ना?” मी हो म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर हिशोब करत बसायचे. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भाडं निघत नव्हतं; काम गेलं तर खोली जाणार, खोली गेली तर परत जावं लागणार, आणि परत जाऊन करणार काय?

त्या मुलीच्या तोंडी दिवसभर एकच शब्द. फ्लक्स. “काका, हिचा फ्लक्स कमी पडत असेल.” “काका, गॅप वाढलाय, फ्लक्स कसा टिकेल?” आणि काका “व्हय, व्हय” करत मान डोलवायचे.

एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काय गं, तुझा तो फ्लक्स किलोवर मिळतो का?”

सगळे हसले. तीही हसली, अगदी मनापासून. “मिळाला तर तुम्हालाही आणते, ताई.” ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रोज मीच भरत होते त्या कॉइली. माझ्या बोटांना तारेची जाडी न बघता कळायची. पण त्या तारेच्या आत काय चालतं ते तिला दिसायचं आणि मला दिसत नव्हतं, ही खरी जळजळ. शेवटी चहाच्या वेळी, इतर लोक बाहेर गेले तेव्हा, मी तिलाच विचारलं.

तिनं हातातली बांगडी काढली. “समजा चुंबकाचं बळ असं समोरून येतंय. ह्या बांगडीतून किती आरपार गेलं, तो फ्लक्स. बांगडी मोठी तर जास्त. चुंबक जोरदार तर जास्त. आणि बांगडी अशी तिरपी केली तर कमी. पार आडवी धरली, तर काहीच नाही.”

मला एकदम आमच्याकडचं धानाचं शेत दिसलं. बांध फोडून पाणी काढतात तिथं मासे धरायला बांबूचा सापळा लावतात. तोंड प्रवाहासमोर असलं की पाणी भरभरून आत जातं, वाकडं झालं की कडेनं निघून जातं. मी तिला ते सांगितलं.

“बरोबर! फक्त एक, ताई. पाणी वाहतं. हे वाहत नाही. मोजायला म्हणून तसं धरायचं.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, आता मला आणि तुला सारखंच येतं.

आमच्याकडे टेबल द्यायची एक रीत होती. मिस्त्री एक चांगली मोटार घ्यायचा, कोणाला न दाखवता तिच्यात एक खोट करून ठेवायचा आणि ज्याला टेबल हवं त्याच्यापुढे ती ठेवायचा. काकांनी तशी मोटार ठेवली. चार पोलची, म्हणजे चार कॉइलींची, ओळखीची.

“आधी तू,” काका मला म्हणाले. “सावकाश बघ. घाई न्हाई.”

मी मीटर लावलं. तार कुठं तुटलेली नव्हती. कुठं बॉडीला लागत नव्हती. चारही कॉइल सारख्या, वेढे सारखे, तिरपी एकही बसलेली नाही. म्हणजे चौघींतून जाणारा फ्लक्सही सारखाच असणार, असा मी हिशोब केला आणि तो हिशोब करता आला याचाच मला गर्व झाला.

“मोटार चांगली आहे, काका. तुम्ही खोट केलीच नाही. मला फसवताय.”

काकांनी मोटार तशीच ठेवून तिला बोलावलं.

तिनं आल्या आल्या बॅटरी आणि होकायंत्र मागितलं. कॉइलना बॅटरी जोडली आणि होकायंत्र आतल्या गोल पोकळीतून हळूहळू फिरवायला लागली. पहिल्या पोलवर काटा आत वळला. दुसऱ्यावर फिरून बाहेर. तिसऱ्यावर परत आत फिरायला हवा होता, तो तसाच बाहेर राहिला.

“ही पालथी जोडलीय.”

काका मोठ्यानं हसले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. “लई झ्याक! टेबल तुझं.” ती थाप मला कशी लागली ते मी लिहू शकत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ही मोटार तूच नीट कर गं. जोड तुझ्याइतका साफ कोनाचाच न्हाई.” मायेनंच म्हणाले. मला ते रडक्या पोराच्या हातावर ठेवलेल्या खाऊसारखं वाटलं.

मोटार घेऊन मी माझ्या जागेवर बसले. तिसऱ्या कॉइलचे जोड उकलताना डोकं तिथंच अडकलं होतं. तार तीच, वेढे तेच, तोंडही तेवढंच. मग फ्लक्स गेला कुठं? आणि मला आठवलं, तलाव भरून आला की कधी पाणी बांधातल्या त्याच वाटेनं उलटं चढतं. सापळा तोच असतो, आरपार जाणारं पाणीही तेवढंच, पण मागच्या बाजूनं. आत यायचे ते मासे बाहेर निघून जातात. म्हणजे किती गेलं एवढंच मोजून भागत नाही. कुठल्या बाजूनं गेलं तेही धरायचं, आणि उलट गेलेलं वजा करायचं. तिसरी कॉइल कमी पडत नव्हती. शेजारणींनी कमावलेलं ती खोडत होती. वर्षानुवर्षं मी ‘शेवटाला शेवट, सुरुवातीला सुरुवात’ असे जोड देत आले, काकांनी सांगितलं म्हणून. का, ते आज कळलं.

एवढा आनंद झाला, आणि तो सांगायला जवळ होती ती तीच. तिला हे कॉलेजात, बाकावर बसून, पंख्याखाली कळलं असेल. मी नाही सांगितलं.

जोड देऊन, वरून स्लीव्हची नळी चढवून मी मोटार टेबलाशी नेली. ती काकांच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची तिला मोठी होत होती. तिनं होकायंत्र माझ्यापुढे केलं. “तुम्हीच बघा ना, ताई.”

मी फिरवलं. आत. बाहेर. तिसऱ्यावर काटा थरथरला आणि गर्रकन वळला.

मी पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागले.

“झालं की, ताई. बरोबर आहे.”

“थांब गं,” मी म्हटलं. “बघू दे मला.”